दामोदरमामावर काय काय पडलं

११ एप्रिल

भाग ४१ पाठवला. या वेळी दामोदरमामावर शाळेची घंटा पडते. आधी घंटेचा ठण, मग मामाच्या पाठीचा टण्ण. मामा म्हणजे आमच्या कार्टूनमधलं कासव. म्हातारं, सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जगात जे काही पडायचं असेल ते त्याच्याच पाठीवर पडतं, भुरकू अस्वल एक वाक्य टाकतो, मामा पुन्हा चालू लागतो. दर भागात तीन टण्ण. कल्पना माझी. तिच्यावर दोन सीझन निघाले, तिच्याचमुळे मी हेड रायटर झालो. एवढं सगळं एखाद्या माणसावर पडलं असतं तर त्यानं गाव सोडलं असतं.

आई शेजारी शब्दकोडं सोडवत होती. तीन अक्षरी नदीकाठचं झाड विचारलं. माहीत नाही म्हटलं. तिनं काहीतरी भरलं. बरोबर आहे का, तर म्हणे, "बसलं ना? झालं मंग."

१४ एप्रिल

जयंती. विहारात आई पांढऱ्या साडीत पुढे, मी खिरीच्या रांगेत मागे. पोरांनी ओळखलं, डोक्यावर हात मारून टण्ण टण्ण केलं. आईसोबत दवाखान्यात नोकरीला असलेले काका भेटले. "कार्टून लिहितो ते ठीक हाय, पण नोकरी कुठी लागली?" हीच नोकरी म्हटलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "लागन, लागन."

१९ एप्रिल

मुंबईहून सुमेधाचा फोन. चॅनलवर माझी बॉस, वयानं लहान, कामाला वाघीण. ९ ऑगस्टला आदिवासी दिन, त्या दिवशी एक खास भाग माडियात, भामरागडकडच्या आदिवासी बोलीत, दाखवायचा. त्याच दिवशी मामाचं खेळणं बाजारात. पाठ दाबली की टण्ण वाजतं.

"तू तिकडचाच ना मिलिंद, तुला सगळं माहीतच असेल."

हो म्हटलं. मुंबईतली चौदा वर्षं याच 'हो'वर काढली; आता इथं गडचिरोलीत आईकडे राहून लिहितो, तरी 'हो' तेच. मीटिंगमध्ये 'आमच्याकडे जंगलात' असं सुरू केलं की लोक मोबाइल खाली ठेवून ऐकायचे. खरं सांगायचं तर मी गडचिरोलीत बसस्टँडमागे मावशीकडे वाढलो. जंगल म्हणजे शाळेमागची झुडपं. भामरागडकडे आई होती, अकरा वर्षं, उपकेंद्रात नर्स. शनिवारी यायची, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायची. मी तिकडे दोनदा गेलो. त्यातलं एकदा तापात.

२४ एप्रिल

भाषांतराला आईनंच माणूस सुचवला. जैनी. भामरागडच्या बाजूला आश्रमशाळेत शिक्षिका, स्वतः माडिया, आईच्या हातावर जन्मलेली. फोनवर म्हणाली, "सिस्टरबाईचा मुलगा काय तुम्ही? मंग करते जी." स्क्रिप्ट एसटीच्या कंडक्टरकडे दिली. तिकडे मेलपेक्षा कंडक्टर भरवशाचा.

९ मे

भाषांतर त्याच गाडीनं परत. शाळेच्या वहीची पानं, निळी शाई, अक्षर मोत्यासारखं. मला माडिया येत नाही, पण भरलेली पानं बघून बरं वाटलं. चाळली, पाकिटात ठेवली.

१८ मे

चंद्रपूरला रेकॉर्डिंग. ऊन मरणाचं. मशीन तापतं म्हणून तासातासानं थांबायचं. जैनीनं पाठवलेले तिघे, दोन मुली आणि एक गडी, झकास बोलले. त्यांच्यासमोर चित्र नव्हतं, फक्त पानं. तीनच्या गाडीनं परत गेले.

ते गेल्यावर आवाज चित्रावर बसवताना कळलं, तीन जागा कोऱ्या आहेत. नेमक्या तिन्ही टण्णनंतरच्या, भुरकूच्या वाक्याच्या. जैनीला फोन लावला, लागेना. तेंदूपत्त्याचे दिवस, घरच्यांसोबत जंगलात असणार. विनोद कळला नसेल, राहून गेलं असेल, असं धरून चाललो. एका जुन्या शब्दसंग्रहातून शब्द जुळवले आणि तिन्ही वाक्यं मीच बोललो, आवाज घोगरा करून. पहिल्याचा मराठी अर्थ साधारण 'म्हाताऱ्या, पाठ फुटली की मडकं?' पुढची दोन त्याच जातकुळीची. स्टुडिओवाला हसला. त्याला अर्थ मीच सांगितला होता.

२० जून

भाग तयार. शेवटी नावं येतात. लेखन माझं, माडिया भाषांतर जैनी मॅडम. तिला फोनवर सांगितलं. खूश झाली. "बाबाले दाखवीन." शाळा उघडली की आधी तिथंच दाखवायचं ठरलं.

४ जुलै

आश्रमशाळा. जेवणाच्या हॉलमध्ये पडदा म्हणून चादर. मी नेहमीसारखा चादरीच्या पायथ्याशी, पोरांकडे तोंड करून. पडद्यावर काय चाललंय ते मला पाठ असतं, मला तोंडं बघायची असतात. कागदावर खुणा: एक टिंब म्हणजे गालात हसले, फुली म्हणजे पोट धरून.

भुरकू वारुळावर बसतो: फुली. माकडाचा पाय खिरीत: फुली, फुली. आपल्या बोलीत अस्वल बोलतंय म्हणून नुसत्या 'ये इकडे'लाही फुली. एवढा सोपा हशा आयुष्यात मिळाला नव्हता. 

पहिला टण्ण: निम्मा हॉल हसला. उजवीकडच्या दोन रांगा गप्प.
दुसरा: माझं दुसरं वाक्य आलं. पोरांनी वळून जैनीकडे बघितलं. एक टिंब, तेही चुकून.
तिसरा: काही नाही. पंख्याचा आवाज.

स्वयंपाकाच्या बाई हातातला झारा घेऊनच दारात आल्या होत्या. जैनीला काहीतरी म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं भाजी करपली.

नंतर व्हरांड्यात जैनी.
"हे मी नाई लिहिलं, भाऊ."
"तीन जागा राहून गेल्या होत्या ना, म्हणून मी..."
"राहून नाई गेल्या. मीच सोडल्या होत्या. कासव आमच्या कुळाचा देव हाय. आम्ही त्याले मारत नाई, खात नाई, हसत पन नाई."
मग आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.
"तुमाले माहीत असन वाटलं. तुम्ही इथलेच ना."

गाडी सहा तास. कागदावरच्या खुणा परत परत मोजल्या. त्या बदलत नाहीत.

५ जुलै

आईला सांगितलं. भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

"जाळ्यात कासव आलं तर जैनीचा बाप त्याले पान्यात सोडे अन् हात जोडे. एकदा तर मी बाळंतपनाले थांबली होती घरात, तो आधी नदीवर कासव सोडून आला, मंग पोरीचं तोंड पाह्यलं."
"मला कधी बोलली नाहीस."
"तू कधी इचारलं?"

बरोबर आहे. शनिवारी ती आली की मी मावशीच्या पोरांच्या तक्रारी सांगायचो, खाऊ घ्यायचो. अकरा वर्षं तिकडे काय करतेस, हे विचारायचं सुचलंच नाही. वय बेचाळीस. आज लाज वाटली, ती भागाची कमी, याची जास्त.

९ जुलै

जैनीचा फोन, बाजाराच्या टेकडीवरून, रेंज तिथंच. गावात सगळं पोचलंय. तिन्ही कलाकार म्हणतात आम्ही हे बोललो नाही, आणि ते खरंच आहे. नाव मात्र जैनीचं. "बाबा बोलून नाई राह्यले माझ्याशी. जेवाले बसते, पन बोलत नाई."

नाव काढून टाकतो म्हटलं. एका मिनिटाचं काम आहे.

"माझं नाव काढलं तरी बोली आमचीच राहीन ना जी."

तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवतो. 

१० जुलै

सुमेधाला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, हे तिचं चांगलं आहे.

"वाईट वाटलं रे. पण टण्ण काढला तर शो काय उरतो? खेळणं बनून झालंय, डबे गोदामात आहेत."
मी म्हटलं या एका भागातून तरी काढू.
"खेळण्याच्या दिवशीच?"
शेवटी तिनं दिलं ते एवढं: सोमवार ४ ऑगस्टपर्यंत दुसरा पर्याय आण. चॅनलच्या खोलीत लोक हसले तर तो जाईल. नाही तर जुना जाईल, तुझी ती तीन वाक्यं धरून. आणि पुढच्या सीझनची टीम त्याच आठवड्यात ठरतेय, हे ती सहज बोलल्यासारखं बोलली. ती सहज काही बोलत नाही.

१३ जुलै

आई म्हणाली जैनीच्या बापाला भेटल्याशिवाय हे निस्तरणार नाही. स्वतः सोबत आली, गुडघे दुखत असताना. तिला बघून अर्धं गाव गोळा. मला कुणी विचारेना, ते बरं झालं.

जैनीचे बाबा ओसरीवर जाळं विणत होते. जोहार केला. त्यांनीही केला, हात न थांबवता. माफी मागितली. जैनीनं माडियात सांगितली. त्यांनी मान हलवली, जाळ्याकडे बघत. मग काहीतरी विचारलं. जैनी मध्ये बसलेली, दोघांच्याही नजरेला नजर न देता मराठी करत होती.

"ते म्हणतात, त्याच्यावर काय काय पाडलं, सगळं सांगा."

सांगितलं. आंबा. मडकं. बाज. सायकल. फणस, दोनदा. लग्नाचा मांडव. शाळेची घंटा. एकदा अख्खी जीप. एकदा नाटकातला पुठ्ठ्याचा चंद्र. ही यादी मी मुंबईत पार्ट्यांत म्हणतो, जीपपाशी लोक लोळतात. इथं एकेक वस्तू मराठीतून माडियात जायची, म्हातारा ऐकायचा, पुढची यायची. जीपला जैनीचा आवाज बारीक झाला. चंद्रानंतर मी थांबलो. यादी एवढी लांब आहे हे मला माहीत नव्हतं.

"ते विचारतात, मंग तो काय करते?"
काही नाही, परत चालायला लागतो.
बाबा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. जैनीनं लगेच मराठी केलं नाही, आधी त्यांच्याकडे बघितलं.
"म्हणतात, एवढं पडते तर तो तिथी थांबते काऊन? त्याले तर आधीच समजते. तो कालच निंगून गेला असन."

आईला हसू आलं. म्हातारा हसला नाही, पण जाळ्याची गाठ चुकली, ती सोडवून परत घातली. मुलीशी बोलले ते एवढंच, माझ्यासाठीचं. निघताना तिच्याशी काही नाही.

१४ जुलै

कालच निघून गेला असेल.

सकाळपासून डोक्यात तेच. दोन सीझन मी या प्राण्याला लिहितोय आणि तो तिथे का थांबतो हे एकदाही विचारलं नाही. थांबतो, कारण मला हवा असतो.

१६ जुलै

आमच्या कामात प्रत्येक पात्र वेगळ्या थरावर काढतात, एकावर एक काचा ठेवाव्या तसं. म्हणजे पडण्याच्या चित्रातून मामाचा थर उचलून घेता येतो. मागचं झाड, वरून येणारं मडकं, भुरकू, सगळं जागच्या जागी. फक्त मामा नाही. आणि मामाची नुसती चालायची चित्रं तयार आहेतच, ती कुठंही लावता येतात. नवं एकही चित्र काढायचं नाही. चित्रवाल्यांना फोन केला, ते म्हणाले दहा दिवस, आणि चहा पाजशील का. पाजीन.

नवी मांडणी: भाग सुरू होतो तेव्हा मामा पाठमोरा निघालेला. कुणाच्या लक्षात नाही. भुरकू झाडाखाली वाट बघतोय, आता पडेल. मडकं पडतं, नुसत्या मातीवर. धप्. लांब नदीकडे एक ठिपका चाललाय. सायकल पडते. ठिपका आणखी पुढं. शेवटी जीप भुरकूवरच, आणि मामा पाण्यात उतरतोय.

आईला वाचून दाखवलं. धप्ला हसली. मग म्हणाली, "अन् टण्ण?" नाही. "बरं." शब्दकोडं पुढे.

२२ जुलै

सुमेधाला मांडणी पाठवली. उत्तर: "गंमत आहे. पण रिस्की. बघू." तिच्या 'बघू'चे चार प्रकार आहेत, हा तिसरा. चौथ्यात माणूस परत दिसत नाही.

भुरकूची तीनही वाक्यं नवी हवीत. मराठीत मला लगेच सुचली, चांगली आहेत, निदान मला वाटतात. मराठी सुचलेलं पानावर लिहिलंच नाही. काय घडतं तेवढं लिहिलं आणि तिन्ही जागा कोऱ्या सोडल्या. खाली चिठ्ठी: जैनी मॅडम, इथं भुरकूनं काय म्हणावं ते तुम्ही ठरवा. बाबांना विचारावंसं वाटलं तर विचारा. तुमचं नाव ठेवायचं की नाही तेही कळवा. कंडक्टरच्या हातात पाकीट दिलं.

२७ जुलै

तिकडे पूर. भामरागडचा रस्ता बंद, फोन बंद. पाकीट पोचलं की वाटेत आलापल्लीच्या स्टँडवर पडलंय, माहीत नाही. चित्रवाल्यांचं काम झालं, धप् उत्तम बसलाय. फक्त भुरकू तीनदा तोंड उघडतो आणि आवाज नाही.

आपल्याच कामाचा मुका व्हिडिओ चार वेळा बघितला. मामा जाताना बरा दिसतो. पाठ इतका वेळ कधी बघितली नव्हती.

१ ऑगस्ट

सकाळी काही तास रस्ता सुटला, एक गाडी आली. कंडक्टरनं घरी आणून दिलं पाकीट, चिखलानं कडा माखलेल्या. त्याच्या मागेच पाणी परत चढलं म्हणे.

तीच निळी शाई. पहिली जागा भरलेली. दुसरी भरलेली, बाजूला कंसात मराठीही, मला कळावं म्हणून. पहिल्यात भुरकू झाडाला विचारतो, तू नेम चुकवतो काऊन. दुसऱ्यात सायकलच घेऊन मामाच्या मागे जायचं म्हणतो, पण चाक वाकडं. माझ्या मराठीपेक्षा दोन्ही सरस. तिघांतला गडी इथंच गडचिरोलीत कामाला आहे, त्याला उद्या बोलावलं.

खाली एक ओळ: 'बाबा बोलले. नाव ठेवा.'

बरं वाटलं, खूप.

मग लक्षात आलं. तिसरी जागा कोरी.

२ ऑगस्ट

गडी आला. माझ्या खोलीत गाद्या लावून दोन वाक्यं घेतली. तिसरं तूच बोल की, तुझीच बोली, म्हटलं. त्यानं पान हातात घेतलं, बघितलं, परत दिलं. "मॅडमनं सोडलं असन तर काही असन." चहा पिऊन गेला.

तिसरी जागा म्हणजे शेवट. जीप भुरकूवर, मामा पाण्यात उतरतोय, भुरकू तोंड उघडतो. जैनीनं मुद्दाम सोडली, की शाई संपली, की गाडी सुटायला आली. की बाबांनी सोड म्हटलं. की तिथं अस्वलानं काही बोलूच नये. मग तोंड मिटावं लागेल, ते चित्र माझ्याकडे नाही, नवं काढावं लागेल. काहीच माहीत नाही. मराठीत तिथलं वाक्य माझ्याकडे आहे, दोन शब्दांचं, हमखास फुली.

जैनीचा फोन लावला. नऊ वाजता, अकराला, एकला. बंद.

सुमेधाला लिहिलं: दोन वाक्यं पाठवतोय, एक जागा कोरी आहे, रस्ता उघडेपर्यंत थांबता येईल का. पाच मिनिटांत उत्तर.

"सोमवारी खोलीत लोक बसणार आहेत मिलिंद, अस्वल मुकं नाही दाखवता येणार. तूच भर ना. तू तिथलाच आहेस."

दोनदा वाचलं. लिहिलं, 'मी तिथला नाही, मी बसस्टँडमागचा.' पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या.

आई शब्दकोड्याला पेन मागत होती. पान माझ्यासमोर होतं. पेन तिला देऊन टाकलं आणि परत जैनीला फोन लावला.